मध्यमवर्ग कुठं संपतो आणि श्रीमंती कुठं सुरू होते? (कोल्हापूरपुरतं बोलूया)

पंचगंगेकाठी

आमच्या सोसायटीत यंदा गणपतीची वर्गणी 'ऐपतीप्रमाणे' घ्यायचं ठरलं आणि मीटिंग मोडली. चोवीस फ्लॅट. दोन डॉक्टर, एक सराफ, तीन प्राध्यापक, एका बिल्डरचा भाचा, बाकी आमच्यासारखे नोकरदार. ऐपतवाला म्हणून हात वर करायला एक माणूस तयार होईना. सराफसुद्धा म्हणाला, 'आम्ही काय, मध्यमवर्गीयच.' तोळा लाखाच्या वर गेलाय आणि गुजरीत दुकान असलेला माणूस मध्यमवर्गीय!

मग मी सरकारी आकडे काढून बसलो. म्हटलं, निदान सरकारला तरी माहीत असेल. १९९९ साली रेशनकार्डाचे तीन रंग आले तेव्हा वर्षाला १ लाखाच्या वर गेला की पांढरं कार्ड. शिक्षणहक्क कायद्यातून (आरटीई) खासगी शाळेत आर्थिक दुर्बल म्हणून प्रवेश हवा तर १ लाखाच्या आत. लाडकी बहीण २.५ लाख. आर्थिक दुर्बलांचं आरक्षण, म्हणजे ईडब्ल्यूएस, ८ लाख. आयकर नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत शून्य, नोकरदाराला पावणेतेरा. अधिभार ५० लाखांच्या पुढं. म्हणजे ८ लाखांच्या आतला माणूस एका खिडकीवर दुर्बल आणि दुसऱ्या खिडकीवर पांढऱ्या कार्डाचा धनी. 'प्राइस' ही संशोधन संस्था कुटुंबाचं वर्षाचं ५ ते ३० लाख उत्पन्न (२०२०-२१ च्या किमतींनी) म्हणजे मध्यमवर्ग धरते. त्यापुढं श्रीमंत.

माझं सांगतो, म्हणजे कुणी विचारायला नको. कागल पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी, वर्षाला १७ लाख. रुईकर कॉलनीत फ्लॅट, ४० लाखांचं कर्ज, २० वर्षं, महिन्याला ३४,७०० हप्ता. गाडी एक. बायको क्लास घेते. 'प्राइस'च्या पट्टीत मी बरोबर मधोमध. पण खरंच?

दूधकट्टा

ज्यानं एमएच ०९ च्या पुढचा नंबर विकत घेतलाय तो श्रीमंत. ज्याला मिळंल तो नंबर चालतोय तो मध्यमवर्गीय. इषय संपला.

खोडवा

संपला कसा भावा? आमच्या गावात नंबर विकत घेतलेल्या दोन बुलेटचं हप्तं थकल्यात. फायनान्सवाला आला की गाड्या उसात जात्यात.

पंचगंगेकाठी दादा, तुमी पगार सांगितलासा, मी शेत सांगतो. सहा एकर, सगळं बागायत, सगळा ऊस. एकराला ४५ टन आन टनाला ३,२०० धरा. १ लाख ४४ हजार. बियाणं, खत, भांगलण, पाणीपट्टी, भरणी, सगळं जाऊन एकराला पंच्याहत्तर हजार हातात. सहा एकराचं साडेचार लाख. पन आडसाली ऊस सोळा म्हैनं रानात उभा आसतोय! म्हैन्याला पडलं अठ्ठावीस हजार. दोन म्हशी हायत, गोकुळचं बिल धा दिवसाला येतंय, त्यावर घर चालतंय, आन दिवाळीला दूधदराचा फरक आला की कापडं.

आता दुसरी बाजू. रस्त्याकडची जमीन. गुंठ्याला दोन लाख बोलत्यात. म्हंजे एकराला ऐंशी लाख, सहा एकराचं चार कोटी ऐंशी लाख. मी करोडपती का २८ हजाराचा गडी? तुमीच सांगा.

जमाखर्च

शाहूपुरीत कर सल्लागाराच्या ऑफिसात पंचवीस वर्षं काढली, त्यामुळं माझा चष्मा तसाच आहे.

खोडवा, तुमच्या आकड्यांत एक गंमत आहे. पावणेपाच कोटींच्या मालमत्तेवर तुम्हाला वर्षाला साधारण ३ लाख ३८ हजार सुटतात. म्हणजे पाऊण टक्कासुद्धा नाही. बँकेच्या बचत खात्यावर याहून जास्त व्याज मिळतं. तुमची जमीन खऱ्या अर्थानं पीक देणारी राहिलेलीच नाही. ती प्लॉट व्हायची वाट बघत उभी आहे, आणि तोवर तिच्यावर ऊस उगवतोय.

त्यामुळं कोल्हापुरात उत्पन्नावर रेषा मारणारा फसणारच. शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त, त्यामुळं ते कुठं दिसत नाही. शंभर टक्के दिसतो तो फक्त पगार. पंचगंगेकाठींचा रुपया फॉर्म १६ मधून सुटत नाही. आणि त्यांच्याच गल्लीत तीन मजली घर, खाली चार गाळे भाड्यानं, भाडं रोखीत, असा माणूस तहसीलमधून ९५ हजारांचा उत्पन्नाचा दाखला आणून पोराला आरटीईतून घालतो. मी नावं घेणार नाही. पण असे दाखले माझ्या टेबलावरून गेलेत.

पंचगंगेकाठी

हेच तर! मध्यमवर्गीय म्हणजे ज्याचं उत्पन्न दिसतं तो. श्रीमंत म्हणजे ज्याचं दिसत नाही तो. गरीब म्हणजे ज्याचं दिसायलाच काही नाही.

जमाखर्च

टाळी मिळेल, पण अर्धंच खरं आहे. तुम्हाला दिसतं म्हणून तुम्ही गरीब ठरत नाही.

दूधकट्टा

लाडक्या बहिणीच्या नियमात चारचाकी असली की नाव कट, पण ट्रॅक्टर वगळून. नियम लिहिणारा आमच्याकडचाच आसणार.

खोडवा

ट्रॅक्टर काय हौसेला घेत न्हाई कोण. तुमच्या मोटारीनं नांगरट हुती का बगा.

पुण्यातला_पेठकरी

मूळचा मंगळवार पेठेतला, गेली चौदा वर्षं हिंजवडी. सगळे खरे आकडे टाकताहेत म्हणून मीही टाकतो, शिव्या घालू नका.

पॅकेज ४२ लाख. ऐकायला मोठं वाटतं. कर साडेआठ लाख. पीएफ वगैरे जाऊन महिन्याला हातात अडीच लाखांच्या आसपास. फ्लॅटचं कर्ज १ कोटी १० लाख, हप्ता साडेपंच्याण्णव हजार. दोन मुलं, शाळेची फी आणि बस मिळून महिन्याला चाळीस. गाडीचा हप्ता अठरा. स्वयंपाकाच्या मावशी, सोसायटी मेंटेनन्स, विमा, आईबाबांची औषधं. महिनाअखेर हातात तीस-पस्तीस हजार उरतात. नोकरी गेली तर सहा महिने तग धरेन, सातव्या महिन्यात फ्लॅट विकायला काढावा लागेल. हा माणूस श्रीमंत कसा? मी स्वतःला उच्च मध्यमवर्गीय म्हणतो, त्यापुढं एक पाऊल नाही.

दूधकट्टा

म्हैनाअखेर आमच्यात जेवढा पगार येतोय तेवढा तुमचा उरतोय भावा.

जमाखर्च

शिव्या नाही, हिशेब घालतो.

तुम्ही जे सगळं 'गेलं' म्हणताय त्यातलं बरंच गेलेलं नाही. पीएफ तुमचाच. हप्त्यातलं मुद्दल तुमचंच. साडेआठ टक्क्यांनी पहिल्या महिन्यात त्या हप्त्यातले साधारण १७,५०० मुद्दलाला जातात आणि बाकी अठ्ठ्याहत्तर हजार व्याजाला. तुम्ही म्हणाल, बघा, व्याजच जास्त. मान्य. पण दर महिन्याला मुद्दलाचा वाटा वाढत जातो, आणि विसाव्या वर्षी पुण्यातला एक फ्लॅट संपूर्ण तुमचा. भाड्यानं राहणाऱ्याचे भाड्याचे पैसे जातात आणि मागं काही राहत नाही.

दुसरं. २०२४ साली वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासकांनी भारतातल्या विषमतेवर एक निबंध काढला. आकडे २०२२-२३ चे आहेत. प्रौढ माणशी वर्षाला २ लाख ९० हजार मिळवलेत की तुम्ही देशातल्या वरच्या १० टक्क्यांत. २० लाख ७० हजार मिळवलेत की वरच्या १ टक्क्यात. देशाच्या एकूण उत्पन्नातले २२.६ टक्के या १ टक्क्याकडे, आणि संपत्तीतले ४०.१ टक्के संपत्तीत वरच्या १ टक्क्याकडे.

तुम्ही त्या उंबरठ्याच्या दुप्पट आहात. स्वतःला मध्यम म्हणा, पण ते मध्य कशाचं, हे सांगा.

पुण्यातला_पेठकरी

तो निबंध वाचलाय. त्या १ टक्क्यात मीही आणि मुकेश अंबानीही. एवढा रुंद १ टक्का काय कामाचा? माझ्या आणि त्यांच्या मधलं अंतर माझ्या आणि खोडव्याच्या मधल्या अंतरापेक्षा किती पट आहे सांगा. श्रीमंत तो, ज्याला उद्यापासून काम बंद केलं तरी चालतं. मला चालत नाही.

खोडवा

मला बी चालत न्हाई. म्हशीला रविवार नसतोय.

नाईट_ड्यूटी

गेले दोन दिवस नुसती वाचतेय. मी खासगी हॉस्पिटलात कंत्राटी नर्स. महिन्याला २४ हजार. मिस्टर रिक्षा चालवतात, भाड्याची.

२०१९ च्या महापुरात आम्ही सुतारवाड्यात राहत होतो. पाणी आधी आमच्याकडं येतं. दरवर्षीच येतं, त्या वर्षी छताला लागलं. आम्हाला मठात हलवलं. त्या वर्षी नागाळा पार्कातल्या बंगल्यांतही पाणी शिरलं होतं, रमणमळ्यात तर बोटी फिरत होत्या. पेपरात आलं, पुरानं गरीब-श्रीमंत भेद पुसला. काही पुसला नाही. बंगल्यातली माणसं वरच्या मजल्यावर गेली, किंवा पुण्याला लेकाकडं. पाणी उतरल्यावर फर्निचर रस्त्यावर काढलं, विमावाला फोटो काढून गेला, दिवाळीपर्यंत नवं फर्निचर आलं. आमचा शिवणयंत्राचा आणि फ्रिजचा खर्च पुढची तीन वर्षं भिशी लावून भरला. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा मी फ्रिज नाही, आधी कागदपत्रं उचलली.

मला रेषा वगैरे कळत नाही. पण वरच्या सगळ्यांना एक विचारते. तुमच्यापैकी कुणाला दवाखान्यात जायचं की नाही हे खिशाकडं बघून ठरवावं लागतं का? माझ्याकडं पेशंट येतात ते ठरवून येतात. पडदा ओढला की विचारतात, सिस्टर, सलाईन एकच लावलं तर चालेल का.

जमाखर्च

ताई, एक आकडा सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. तुमचे २४ हजार म्हणजे वर्षाला २ लाख ८८ हजार. त्या निबंधाप्रमाणं वरच्या १० टक्क्यांच्या उंबरठ्यापासून तुम्ही दोन हजार रुपये लांब आहात.

नाईट_ड्यूटी

वर्षाला दोन हजार? म्हणजे दोन-तीन डबल ड्यूट्या जास्त केल्या तर मी देशातल्या वरच्या दहात!

मग माझ्या खालचे नव्वद जगतात कसे, त्यावर कुणीतरी धागा काढा.

पंचगंगेकाठी

यावर काय लिहावं सुचेना. पुढं जाऊया म्हणणं बरं दिसत नाही, पण मूळ प्रश्न अजून तसाच आहे.

उद्यमनगर

आता माझी पाळी. शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं लेथ मशीन होतं, मी शिरोलीला शेड टाकली. कास्टिंगचं मशीनिंग करतो. उलाढाल वर्षाला ३ कोटी २० लाख. हा आकडा ऐकला की पाहुण्यांत मुलीचे बाप उठून बसतात.

आता आतली गोष्ट. नफा साधारण १८ लाख, तोही चांगल्या वर्षी. बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीचं फिरतं कर्ज, ८० लाख. त्याला तारण काय? शेड, मशीन आणि मी राहतो ते ताराबाई पार्कातलं घर. घर वडिलांच्या नावावर, म्हणजे जामीनदार म्हणून त्यांचीही सही. मोठी कंपनी माल उचलते, पैसे नव्वद दिवसांनी, कधी एकशेवीस. सूक्ष्म-लघु उद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे, आणि नाही दिले तर खरेदीदाराला ती रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, असाही नियम आयकरात आला. कागदावर उत्तम. तगादा लावला की पुढची ऑर्डर शेजारच्या शेडला.

दर महिन्याला २४ माणसांचा पगार करायचा असतो. ७ तारखेला ज्याच्या पोटात गोळा येतो तो श्रीमंत असतो का? दारात मोठी गाडी आहे, कर्जावर आहे. ती ठेवावीच लागते. स्कूटरवरून गेलो तर बँक मॅनेजर मर्यादा वाढवून देत नाही, आणि कच्चा माल देणारा उधारी बंद करतो. माझी श्रीमंती हा माझ्या धंद्याचा भांडवली खर्च आहे.

दूधकट्टा

'श्रीमंती हा भांडवली खर्च.' दादा, हे गाडीच्या मागच्या काचेवर लिवा.

पुण्यातला_पेठकरी

उद्यमनगर, तुमचं माझं दुखणं एकच. बाहेरून फुगलेलं, आतून हप्ते.

उद्यमनगर

एकच नाही. तुमची नोकरी गेली तर तुम्ही एकटे रस्त्यावर. माझा धंदा बसला तर मी, बाप आणि २४ घरं. पण धंदा चालला तर उद्या माझा मुलगा मालक म्हणून सुरुवात करेल. तुमचा मुलगा परत मुलाखत द्यायला उभा राहील. हे तुम्ही मोजत नाही आणि मीही तक्रार करताना मोजत नाही.

निवृत्त_मास्तर

वय ७१. जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात गेली. पोरांनो, तुम्ही सगळे एक गोष्ट विसरताय, ती माझ्याकडं आहे म्हणून सांगतो. पेन्शन.

महिन्याला ४६ हजार येतात. घर साधं, सानेगुरुजी वसाहतीत, वर पत्र्याची एक खोली. गाडी नाही. मला कुणी श्रीमंत म्हणणार नाही. पण जमाखर्च, तुम्ही हिशेब करा. ४६ हजार दरमहा व्याजातून मिळवायचे तर ७ टक्क्यांनी किती ठेव लागेल?

जमाखर्च

वर्षाचे ५ लाख ५२ हजार. ठेव जवळजवळ ७९ लाखांची. आणि ठेवीवरचं व्याज महागाईबरोबर वाढत नाही, तुमची पेन्शन वाढते. पुढं काकूंना कौटुंबिक पेन्शन. बाजारात असली गोष्ट विकत मिळतच नाही, मिळाली तर कोटीच्या पुढं जाईल.

निवृत्त_मास्तर

तेच म्हणतोय. माझ्याच शाळेत १ नोव्हेंबर २००५ ला किंवा त्यानंतर लागलेल्या शिक्षकाला ही पेन्शन नाही. तोच फळा, तोच खडू. तो आणि मी दोघेही मध्यमवर्गीय म्हणवतो, पण माझ्या नावावर न दिसणारे ऐंशी लाख आहेत. मी रात्री झोपतो. तो म्युच्युअल फंडाचं अ‍ॅप उघडून बसतो.

आणखी एक. माझा बाप दुसऱ्याच्या जमिनीत राबायचा. १ एप्रिल १९५७ ला कृषक दिन झाला, कूळ कायद्यानं कसणारा मालक झाला. आम्हाला दोन एकर मिळाली. त्या दोन एकरांवर मी शिकलो, नोकरीला लागलो. शाहू महाराजांनी १९०१ पासून या गावात वसतिगृहं उभी केली, त्यातल्याच एकात चार वर्षं जेवलो. मी कष्ट केले, पण कष्ट माझ्या चुलत्यानंही केले. तो ज्या मालकाकडं होता त्यानं वेळेत जमीन कसण्याची नोंदच होऊ दिली नव्हती. त्याची नातवंडं आज गोकुळ शिरगावला कंत्राटी हेल्पर आहेत. माझी नातवंडं ऑस्ट्रेलियात. एका सातबाराच्या नोंदीचा फरक.

दूधकट्टा

मास्तर, नातवंडं ऑस्ट्रेलियात आन वर पत्र्याची खोली. तुमी छुपे रुस्तुम.

खोडवा

मास्तरांचं पटलं. आमच्या बी आज्ज्याला कुळातच मिळाली. तवा सहा एकर म्हंजे पोटापुरतं, आज चार कोटी. त्यात आमी काय केलं? काय बी न्हाई. रस्ता झाला, विमानतळ वाढलं, आन आता १८ ऑगस्ट २०२५ पासनं हायकोर्टाचं सर्किट बेंच चालू झाल्यापासनं तर दलाल बांधावर येऊन बसत्यात.

शिरोळची_माहेरवाशीण

मला वाटतं तुम्ही सगळे घर हे एकक धरून बोलताय. 'आमचं सहा एकर', 'आमचं ताराबाई पार्कातलं घर', 'आमचा फ्लॅट'. एका घरातली सगळी माणसं एकाच वर्गात असतात, असं कुणी सांगितलं?

माझं माहेर शिरोळ तालुक्यात, आठ एकर बागायत. आम्ही दोन बहिणी, एक भाऊ. वडील गेल्यावर तेराव्याच्या आत तलाठ्याकडं वारसनोंदीचा अर्ज गेला. पुढच्या महिन्यात दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात आम्हा दोघींच्या हक्कसोडपत्रावर सह्या. दोघींना साडी, जावयांना टॉवेल-टोपी. भाऊ वाईट नाही. दरवर्षी भाऊबीजेला येतो, आंब्याची पेटी आणतो. कुणी दम दिला नाही. सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की आम्ही सही करणार, आणि आम्हीही.

त्यातला दीड एकर पुढं एनए, म्हणजे बिगरशेती, झाला. भावाचं आता दोन मजली घर, त्याची मुलगी खासगी मेडिकलला. मी इचलकरंजीत सूतगिरणीच्या ऑफिसात अकाउंट्सला, पगार ३१ हजार, नवऱ्याचे यंत्रमाग बंद पडून भंगारात गेले. माझी मुलगी बीएस्सीला. एका आईबापाची दोन लेकरं, एक तुमच्या रेषेच्या वर, एक खाली. मध्ये फक्त एक सही.

म्हणून मला तुमचे लाखांचे आकडे वाचताना हसू येतं.

नाईट_ड्यूटी

ताई, माझ्या आईनं पण दिलीय सही. आजीच्या घराची. कशावर दिली ते तिला आजही माहीत नाही.

जमाखर्च

इथं कायदा लिहून ठेवतो, कुणाला तरी लागेल. महाराष्ट्रानं १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा देणारी दुरुस्ती केली होती, पण तोवर लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानंच सहदायक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच वाटेकरी, झाली, विवाहित असो वा नसो. वडील त्या तारखेला हयात असायला हवेत का, यावर बरीच वर्षं वाद होता. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली नोंदणीकृत वाटणी मात्र उकरता येत नाही.

आणि हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की ते फिरवणं महाकठीण. फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो. साडी हा दबाव ठरत नाही.

पुण्यातला_पेठकरी

माहेरवाशीण, भावावर दावा लावायचा विचार नाही केला कधी?

शिरोळची_माहेरवाशीण

दावा लावला की माहेर संपलं. आई अजून तिथंच आहे. भावाच्या घरी मला आजही पहिल्या पंगतीला बसवतात, ते मी विकत घेतलंय असं समजा, आठ एकरांतला माझा वाटा देऊन. महाग पडलं. पण ज्या बाईकडं पगार नसतो तिला नवऱ्याशी पटलं नाही तर परत यायला एवढीच एक जागा असते. मालमत्ता सोडून ती विमा घेते. तुमच्या हिशेबात हा विमा कुठल्या रकान्यात बसतो?

पंचगंगेकाठी

मघाशी मी माझा फ्लॅट लिहिला. तो माझ्या एकट्याच्या नावावर आहे. बायको क्लास घेते, किराणा आणि फी तिच्या पैशातून जाते, हप्ता माझ्या. म्हणजे माझा पैसा भिंतीत जमा होतोय आणि तिचा डाळ-तांदळात संपतोय. हे मी आत्ता लिहिताना पहिल्यांदा मांडून बघतोय.

दूधकट्टा

गणपतीच्या वर्गणीवरनं सुरू झालं आन घर मोडायची येळ आली. धागाकर्त्या, बायकोला लिंक पाठवू नका.

उद्यमनगर

माझ्या शेडच्या कर्जाला बायको सहकर्जदार आहे. मालकीत नाव नाही, कर्जात आहे. बँकेनं सांगितलं म्हणून सही केली तिनं. हे उलटंच झालं की.

निवृत्त_मास्तर

उलटं नाही, रीतच तशी आहे. तिचं नाव आधी मालकीत घाला, मग कर्जाचं बोला.

खोडवा

माहेरवाशीण ताई, तुमी लिवलेलं वाचून रात्री झोप लागंना. आमच्यात वडील जाऊन वरीस झालं. वारसनोंद झालीया, सातबाऱ्यावर पाच नावं चढल्यात. आई, मी आन तिघी बहिणी. हक्कसोड पुढच्या म्हैन्यात करायचं ठरलंय, थोरली नाशकासनं येणार हाय. साड्या बी बघून ठेवल्यात. मी मगाशी वर 'माझं सहा एकर' म्हणून लिवलं, त्यातलं कागदावर माझं सव्वा एकर बी भरत न्हाई.

आन गंमत बगा जमाखर्च साहेब. सहा एकर मी घेतलं तर पाच एकराच्या वर जातोय, ईडब्ल्यूएस मिळत न्हाई. बहिणींचं बहिणींस्नी दिलं तर आईचं आन माझं धरून अडीच एकराच्या आत. पोरगा बारावीला हाय. सरकार म्हणणार ह्यो गडी दुर्बल.

जमाखर्च

जमिनीच्या अटीत बसता, बाकीच्या अटीही बघाव्या लागतील. पण तुम्ही बहिणींना वाटा देणार आहात की नुसता दाखल्यापुरता?

खोडवा

घरात इषय काढलाय. आई गप हाय, बायको बोलंना झालीया. थोरलीला फोन केला तर म्हणाली, 'दादा, तुझी तब्येत बरी हाय न्हवं?'

शिरोळची_माहेरवाशीण

तब्येत बरी आहे म्हणून सांगा. आणि साड्या परत करू नका, वाटा देऊनही साडी देता येते.